थोरली पाती, धाकटी पाती

लहानमोठेपणाच्या बाबतीत कोपरखैरणेकरांना कुणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तिने खाडीच्या ह्या काठावर नवी मुंबई मांडायला घेतली, तेव्हा कागदावर रस्ते मोठे काढले आणि आमच्यासारख्यांची घरं लहान. आमच्या सेक्टरातली रो-हाऊस म्हणजे आगगाडीचे डबे. आपली भिंत तीच शेजाऱ्याची भिंत. आमच्याकडे फोडणी पडली की शिंक शेजारी. असल्या घराला रुंदीला वाढायला वाव नसतो, म्हणून ते उंचीला वाढतं, वयात आलेल्या मुलासारखं. तळमजल्यावर पहिला मजला, पहिल्यावर गच्ची, गच्चीवर पत्रा. अशा घरात राहणाऱ्या माणसाला कुठली वस्तू आत मावेल आणि कुठल्या वस्तूपायी घरातल्या एकाला ओट्यावर झोपावं लागेल, हे दुकानातच कळतं.

तरीसुद्धा २०१०च्या दिवाळीत आमच्या घरात एकदम दोन कॅमेरे आले. एक माझा, एक सौभाग्यवतीचा. माझा डीएसएलआर होता. म्हणजे गळ्यात अडकवला की माणूस आपोआप पुढे वाकतो आणि नम्र दिसू लागतो, त्या जातीचा. तिचा होता अल्ट्राकॉम्पॅक्ट. म्हणजे पर्समध्ये टाकला की टिकल्यांचं पाकीट, रेल्वेचा पास आणि वाण्याची यादी ह्यांच्यामध्ये बेपत्ता होणारा. एकाच घराण्यातल्या ह्या दोन शाखांना मी पहिल्याच दिवशी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी नावं ठेवली. थोरली कोण आणि धाकटी कोण ह्यावर घरात वाद झाला नाही. गादी कुणाची, ह्यावर झाला.

खरेदीच्या पद्धतीतच दोघांचा स्वभाव आला. मी सहा महिने अभ्यास केला. मासिकं वाचली, तक्ते केले, ऑफिसातल्या तीन तज्ज्ञांना चहा पाजला. त्यातले दोघे एका कंपनीचे होते आणि तिसरा दुसऱ्या कंपनीचा. आणि कॅमेऱ्याच्या कंपनीवरची निष्ठा ही कुलदैवतावरच्या निष्ठेपेक्षा कडक असते. शेवटी एका शनिवारी वाशीला गाडी बदलून व्हीटीला उतरलो आणि बोरा बाजारातल्या एका दुकानाची पायरी चढलो.

"साहेब, हा एंट्री लेव्हल आहे," दुकानदार म्हणाला.

त्या दोन शब्दांतली मेख मला पुढे कळली. एंट्री लेव्हल म्हणजे नुसतं प्रवेशद्वार. आत आल्यावर दर दालनाचं तिकीट वेगळं. बरोबर मिळणारं अठरा ते पंचावन्न मिलिमीटरचं भिंग हे देवळाबाहेरच्या चपलांच्या कट्ट्यासारखं असतं. तिथे थांबायचं नसतं. पुढे पन्नासचं घ्यायचं, मग तीनशेचं, मग तिकाटणं, मग ह्या सगळ्यांना मावेल अशी बॅग, आणि ती बॅग मावेल असं घर.

सौभाग्यवतीने आपला कॅमेरा वाशीला वीस मिनिटांत घेतला. त्यातली पंधरा मिनिटं रंग निवडण्यात गेली.

"कुठला घेतलास?" मी विचारलं.

"गुलाबी."

"अगं, म्हणजे किती मेगापिक्सेलचा?"

"चौदा. तुमचा?"

माझाही चौदाचाच होता. पण हे उत्तर त्या वेळी नुसतं देऊन चालण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिला समोर बसवून समजावून सांगितलं. चौदा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी चाळीस लाख बिंदू. म्हणजेच एक कोटी चाळीस लाख भाडेकरू. आता हे भाडेकरू राहतात कुठे? कॅमेऱ्याच्या पोटातल्या सेन्सर नावाच्या चकतीवर. माझ्या कॅमेऱ्यातली ही चकती साधारण चोवीस मिलिमीटर लांब आणि सोळा मिलिमीटर रुंद. तुझ्यातली सहा बाय साडेचार. क्षेत्रफळ काढलंस तर माझी जागा तुझ्या तेरा-चौदापट. तेवढेच भाडेकरू माझ्याकडे ऐसपैस बंगल्यात, तुझ्याकडे चाळीत. भर उन्हात चाळकरी आणि बंगलेवाले सारखेच आनंदात असतात. पण संध्याकाळ झाली, उजेड कमी पडू लागला, की चाळीत कलकल सुरू होते. तिलाच इंग्रजीत नॉइज म्हणतात. फोटोत ती रंगीत वाळूसारखी दिसते. बंगल्यात मात्र रात्रीही शांतता.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चाळीत काय वाईट होतं? आपण गिरगावात तेवीस वर्षं काढलीच ना?"

ह्यावर उत्तर नव्हतं. ज्या माणसाने बालपण दहा बाय बाराच्या खोलीत काढलं आणि ऐन मध्यमवयात सिडकोची सोडत लागली म्हणून पेढे वाटले, त्याने चौरस मिलिमीटरच्या बाता मारू नयेत असंच तिचं म्हणणं असावं.

पुढचा तंटा भिंगावरून झाला. पन्नास मिलिमीटरचं भिंग प्रत्येक नवशिक्याने घ्यावं असं सगळे जाणकार एकमुखाने सांगतात. मीही घेतलं. ह्या भिंगाने माणूस स्वच्छ येतो आणि मागचा पसारा लोण्यासारखा वितळून जातो. मी हौसेने तिचा ओट्यावर एक फोटो काढला. मागची दोरी, दोरीवरचे टॉवेल, पलीकडची स्कूटर, सगळं धूसर.

"हे मागचं असं का दिसतंय?"

"त्यातच तर सगळी कला आहे! त्यासाठी वेगळे पैसे मोजलेत."

"अहो, चष्मा काढला की मला हे फुकटात दिसतं."

खरी पंचाईत गणपतीत झाली. घरात आठ माणसं जमली आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. आता गणित पाहा. आठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली तर साडेतीन मीटरची रांग होते. पन्नासच्या भिंगात आणि माझ्या चकतीवर एवढी रांग मावायची तर काढणाऱ्याने साडेसात मीटर मागे जायला हवं. आमचा हॉल तीन मीटरचा. म्हणजे मला आमच्या दारातून बाहेर, ओट्यावरून खाली, गल्ली ओलांडून समोरच्या वहिनींच्या घरात जावं लागलं. वहिनींनी आधी चहा दिला. तेवढ्यात आमच्याकडची माणसं ओट्यावर येऊन ताटकळत उभी. मधून एक भाजीवाला गेला, दोन मोटारसायकली गेल्या, आणि तिसऱ्या मोटारसायकलवाल्याला आपलाच फोटो काढताहेत असं वाटून त्याने थांबून केस सारखे केले. एवढ्या वेळात धाकट्या पातीने हात लांब करून हॉलमध्येच चार फोटो काढले होते. त्यांत कडेच्या काकांचा एक कान नाही. पण काका आहेत.

पाखरांच्या बाबतीत तरी आपण बाजी मारू अशी मला आशा होती. ठाण्याची खाडी आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. हिवाळा सुरू झाला की तिथल्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात. फ्लेमिंगो म्हटलं की ते परदेशी वाटतात, रोहित म्हटलं की सेक्टर पंधरातले. २०१५ साली सरकारने खाडीचा काही भाग त्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेली. आम्ही गेलो तेव्हा ते नुसतेच पक्षी होते. मी पहाटे पाच वाजता सरंजाम घेऊन निघालो. खारफुटीच्या कडेने चिखल तुडवत पोचलो आणि पंचावन्नच्या जोरावर नेम धरला. दोनशे मीटरवर उभा असलेला, माणसाच्या छातीला लागेल एवढा पक्षी माझ्या फोटोत तांदळाच्या दाण्याएवढा आला. तोही आंबेमोहोर, बासमती नव्हे.

"तीनशेचं भिंग लागेल," मी परत आल्यावर म्हणालो.

"त्यापेक्षा सहाआसनी रिक्षाने अजून थोडं जवळ गेला असतात," अण्णा पेपरातून म्हणाले.

ती मात्र त्या दिवशीचा एक फोटो अजून पाहुण्यांना दाखवते. तिने गुलाबी डबीतून काढलेला. त्यात एकही रोहित नाही. पाठमोरा, कमरेत वाकलेला, एका पायात चप्पल आणि एक पाय चिखलात, असा मी आहे. पाहुणे विचारतात, "हा कुठला पक्षी?"

तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. थोरल्या पातीने आमच्या घरात काढलेल्या हजारो फोटोंत मी कुठेच नाही. तो कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची सोय नसते. दिला तर घेणारा तो तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी धरून घाबरून उभा राहतो. त्यामुळे भिंगापुढे कुटुंब आणि भिंगामागे कर्ता पुरुष. त्या अल्बमवरून कुणी आमच्या घराचा इतिहास लिहिला, तर हे कुटुंब अनेक वर्षं बिनबापाचं होतं असं लिहील. मी जिथे जिथे आहे तो धाकट्या पातीच्या कृपेने: गाडीत तोंड उघडं टाकून झोपलेला, पिशव्या उचलणारा, डीमार्टच्या रांगेत उभा, आणि पाठमोरा तर कितीतरी.

ह्या पातीची भाऊबंदकी पुरती समजायची तर दोघांच्या पोटात जरा डोकवायला हवं. डीएसएलआरमधलं 'आर' हे अक्षर आरशाचं आहे असं समजा. भिंगातून आलेला उजेड आत बसवलेल्या तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि आपल्या डोळ्यात येतो. म्हणून जे भिंगाला दिसतं तेच आपल्याला दिसतं. फार उत्तम व्यवस्था. फक्त, आपण बटण दाबलं की उजेड चकतीवर पडू द्यायला तो आरसा टपकन वर उडतो. आणि त्या निमिषात, पापणी लवावी एवढाच वेळ, आपल्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे पाहा, जो क्षण फोटोत आला तेवढाच नेमका फोटो काढणाऱ्याला दिसलेला नसतो. त्याच्या आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. लग्नातली अक्षता, वाढदिवसाची फुंकर, पोराची पहिली सायकल, सगळीकडे माझ्यापुरता तेवढाच एक घास अंधाराने खाल्ला आहे.

धाकट्या पातीत आरसा नाही. तिथे दुसरा रोग: उशीर. थोरल्याला भिंग कुठल्या दिशेने किती फिरवायचं हे आधीच उमगतं, धाकटी चाचपडते. भिंग पुढे नेते, मागे आणते, पुन्हा जरा पुढे, अंधारात पायाने चप्पल शोधावी तशी. त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यांत बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्धा सेकंद, मंद उजेडात सेकंदभरसुद्धा जायचा. तशी ही प्रगतीच म्हणायची. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने जगातला पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोंहून जड होता, त्यात दहा हजारच बिंदू होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तेवीस सेकंदांत आमच्याकडे भांडण होऊन मिटतंसुद्धा.

थोडक्यात, एक कॅमेरा वेळेवर पोचतो पण मालकाला आंधळा करतो. दुसरा मालकाला सगळं दाखवतो पण स्वतः उशिरा येतो. आणि ह्या उशिराची किंमत मला अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला समजली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. १९३२चा जन्म. त्यांच्या पिढीला फोटो म्हणजे स्टुडिओ. काळ्या फडक्याखालून आवाज यायचा, "हलू नका!", आणि माणूस श्वास रोखायचा. अण्णांनी तो श्वास जन्मभर रोखला. कॅमेरा दिसला की हनुवटी वर, खांदे मागे, नजर समोरच्या भिंतीतून आरपार. लग्नाच्या फोटोत आणि सर्व्हिस बुकातल्या फोटोत चेहरा तोच. शेजारी आई आहे की नाही एवढ्यावरून ओळखायचं.

२०१२ साली त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घरगुती समारंभ केला. ऐंशी ज्योतींनी ओवाळलं. मी थोरल्या पातीतून दोनशे चौदा फोटो काढले. मध्येच कुणी तरी म्हणालं, "अहो, म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं करता?" मी दाखला दिला की दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. कलेला चिकाटी लागते.

"वाटाण्याचं बरं असतं," सौभाग्यवती म्हणाली, "त्याचे गुडघे दुखत नाहीत."

मग तिने आपली गुलाबी डबी काढली, हात लांब केला, बटण दाबलं आणि सवयीने म्हणाली, "झाला हं अण्णा."

झाला नव्हता. डबी अजून चप्पल शोधत होती. पण अण्णांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. ऐंशी वर्षांचा रोखलेला श्वास सोडला, खांदे खाली आले, मान आईकडे वळली, काही तरी हळूच म्हणाले आणि हसले. मग फ्लॅश पडला. मी त्या वेळी माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर अण्णांच्या पांढऱ्या शेल्याचे तपशील नीट आले की नाहीत ते पाहत होतो. शेला अप्रतिम आला आहे.

ते काय म्हणाले हे आई अजून सांगत नाही.

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले. अशा वेळी घरात दोन दिवसांतच एक प्रश्न येतो, आणि तो नेहमी कुणी तरी बाहेरचाच विचारतो: "मोठा करायला चांगलासा फोटो आहे का?" चांगलासा होता. दोनशे चौदा होते. स्टुडिओवाल्याने कौतुक केलं: काय धार आहे साहेब, मिशीचा केस न् केस मोजावा. तो फोटो फ्रेम होऊन हॉलमध्ये लागला. भेटायला आलेले त्याला हात जोडत.

चार दिवसांनी सौभाग्यवतीने तो दुसरा फोटो पोस्टकार्डाएवढा करून आणला आणि आईच्या हातात दिला. चाळकऱ्यांची कलकल त्यात पुरेपूर आहे: ट्यूबलाइटचा उजेड, गालावर रंगीत वाळू, मागे कुणाचा तरी कोपर. आईने तो बराच वेळ पाहिला. मग हॉलमधल्या फ्रेमकडे पाहिलं.

"त्या फोटोतले ऑफिसला निघालेत," ती म्हणाली, "आणि ह्यातले घरी आलेत."

पोस्टकार्डाएवढा तो फोटो स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी टेकवून ठेवलेला आहे. आई नव्वदीला टेकली आहे. सकाळी चहा झाला की कप आधी त्याच्यासमोर क्षणभर धरते आणि मग स्वतः पिते. हॉलमधल्या फोटोला आम्ही सणासुदीला हार घालतो. दोन्ही फोटो आपापल्या जागी शोभून दिसतात. साहेबांना हॉलच बरा. घरी आलेल्या माणसाची जागा चहाजवळ.

दोन्ही पात्यांचं राज्य आता खालसा झालं आहे. फोन आले आणि त्यांनी पेशवाई बुडवावी तशी ही घराणी बुडवली. आरशाचे नवे कॅमेरे काढणं मोठ्या कंपन्यांनी जवळपास थांबवलंच. आता बिनआरशाचे असतात, त्यांना मिररलेस म्हणतात. माझा कॅमेरा चकलीच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. नाही तर आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी चढते. दिवाळीत चकल्या झाल्या की त्याला तात्पुरतं तांदळाच्या डब्यावर यावं लागतं. गुलाबी डबीला उलट सोन्याचे दिवस आले आहेत. कॉलेजातली पोरं असले जुने छोटे कॅमेरे हल्ली हौसेने शोधत हिंडतात. जी कलकल घालवायला आम्ही हजारो रुपये ओतले, तीच त्यांना सुंदर वाटते. भाची दर सुट्टीत तो मागते आणि तिची मामी दर सुट्टीत बॅटरी सापडत नाही म्हणून सांगते. बॅटरी तिच्या पर्समध्येच असते.

फोटो आता तीही फोनवरच काढते. फोनला आरसा नाही आणि उशीरही नाही. उलट तो इतका आगाऊ, की आपण बटण दाबायच्या आधीच्या क्षणांचेही फोटो आतल्या आत काढून तयार ठेवतो. आईपुढे कुणी फोन धरला की आई हनुवटी वर करते. इतक्या वर्षांच्या संसारात ती हे अण्णांकडून शिकली. ती "झाला का रे?" म्हणेपर्यंत फोनने दहा काढलेले असतात. दहाही ऑफिसला निघालेले.

सौभाग्यवतीची रीत वेगळी आहे. ती फोन समोर धरते, काहीच दाबत नाही, आणि म्हणते, "झाला हं आई."

आई श्वास सोडते. मग ती बटण दाबते.